पीसीबीचं सॉफ्टवेअर निवडायचंय? आधी मोजपट्टी आणि व्हर्नियर बाहेर काढा

कॉलेजांचा प्रोजेक्टचा सीझन चालू झाला की आमच्या सांगलीतल्या वर्कशॉपवर आठवड्याला दोन-तीन पोरं येतातच, हातात मोबाईल, मोबाईलमध्ये कुठल्यातरी सर्किटचा फोटो, आणि प्रश्न ठरलेला, "दादा, पीसीबी डिझाईनसाठी फुकटातलं चांगलं सॉफ्टवेअर कुठलं?" (पीसीबी म्हणजे ज्याच्यावर पार्ट सोल्डर करतात तो तांब्याच्या रेषांचा बोर्ड.) मग कुपवाड एमआयडीसीतले एक-दोन छोटे कारखानदार पण असतात, त्यांना महिन्याला दहा-वीस बोर्ड लागतात आणि त्यांचा प्रश्न पण तोच, फक्त "फुकटातलं" म्हणायला जरा लाजतात, ते "स्वस्तातलं" म्हणतात.

मी उलटा विचारतो, बोर्ड केवढा आहे? बहुतेकांना माहीत नसतंय. आणि तिथंच सगळी गडबड आहे, कारण फुकटातल्या सॉफ्टवेअरची जी बंधनं आहेत ती बोर्डच्या मापावर, पिनांच्या संख्येवर नाहीतर फाईल कुठं राहते त्याच्यावर असतात, आणि तुमचा बोर्ड तुम्हालाच माहीत नसेल तर कुठलं बंधन तुम्हाला नडणार आहे हे कुणी सांगायचं.

म्हणून पहिल्यांदा सॉफ्टवेअर डाउनलोड करायचं नाही. एक कोरा कागद घ्या, जे मोठे पार्ट आहेत ते खरेखुरे त्याच्यावर ठेवा. ट्रान्सफॉर्मर, रिले (म्हणजे विजेवर चालू-बंद होणारा स्विच), वायरी आवळायचे टर्मिनल ब्लॉक, डिस्प्ले. भोवती पेन्सिलनं चौकोन मारा आणि मोजपट्टीनं मोजा. रेझिस्टर कपॅसिटरची काळजी करू नका, ते सांदीकोपऱ्यात बसतात, जागा खातात ते टर्मिनल आणि ट्रान्सफॉर्मर. आता माझं उदाहरण घ्या, विहिरीवरच्या थ्री फेज मोटरसाठी मोबाईलवरून चालू-बंद होणारा स्टार्टरचा बोर्ड. आपल्याकडं शेतीची लाईट कधी दिवसा कधी रात्री, रात्री दोनला उठून ऊसाला पाणी द्यायला जायचं म्हणजे साप-किरडूची भीती, त्यामुळं हे प्रकरण लय चालतंय. त्या बोर्डवर छोटा ट्रान्सफॉर्मर, तीन शुगर क्यूब रिले (ऊसाच्या पट्ट्यात हे नाव ऐकून गिऱ्हाईक हसतंय, पण ते साखरेच्या चौकोनी वडीएवढे असतात म्हणून तेच नाव पडलंय), बाराएक टर्मिनल, एक एटीमेगा३२८ (बोर्डचा मेंदू, म्हणजे कंट्रोलर), एक जीएसएम मॉड्यूल (सिम घालून मोबाईलशी बोलणारं). कागदावर ठेवून मोजलं तर १२ बाय १० सेंटिमीटर. म्हणजे १२० चौरस सेंटिमीटर.

हा आकडा डोक्यात ठेवा, पुढं लागणार आहे.

मग पिना मोजा. कंट्रोलरच्या २८, तीन रिलेच्या पाच-पाच म्हणजे १५, रिले चालवायच्या आयसीच्या १६, टर्मिनलच्या १२, डिस्प्ले लावला तर त्याच्या १६, आणि किरकोळ ६० पार्ट धरले तर प्रत्येकी दोन म्हणजे १२०. झाल्या २०७. ह्याला दोन मिनिटं लागतात आणि कुणीच करत नाही.

आणि तिसरी गोष्ट, बोर्ड किती करायचेत. एकच करायचा असेल, तो पण घरच्या टाकीसाठी, तर खरं सांगू का, सॉफ्टवेअरच्या नादाला लागूच नका. झीरो पीसीबी (नुसती भोकं पाडलेला तयार बोर्ड) आणा, एका संध्याकाळी वायरी मारून जोडा, काम संपलं. मला गिऱ्हाईक सोडायला आवडत नाही पण हे मी स्वतः सांगतो. सॉफ्टवेअर शिकायला कमीत कमी आठ-दहा दिवस जातात आणि ते दिवस एका बोर्डसाठी घालवणं म्हणजे एका भाकरीसाठी चूल बांधण्यासारखं आहे. तीनच्या वर बोर्ड असतील, नाहीतर पुढं अजून करणार असाल, नाहीतर शिकायचंच आहे, तर मग पुढचं वाचा.

आता फुकट म्हणजे काय ते बघू, कारण फुकटाचे पण प्रकार आहेत.

आमच्या वेळी सगळे ईगल वापरायचे. जर्मनीतल्या कॅडसॉफ्टचं, १९८८ सालापासूनचं, मग २०१६ ला ऑटोडेस्कनं घेतलं आणि २०१७ पासून वर्गणीवर केलं. त्याची फुकटातली आवृत्ती होती तिला बंधन ८० चौरस सेंटिमीटर आणि दोन लेयर (तांब्याचे थर). ८० म्हणजे १० बाय ८. एलईडी ब्लिंक करायचा असेल, सेन्सरचा बोर्ड असेल, छोटा चार्जर असेल तर भरपूर झालं. पण माझा तो १२० चा स्टार्टर बसतोय का त्याच्यात? नाही बसत. आणि हे मला कधी कळलं, तर सगळं सर्किट काढून झाल्यावर, सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतले पार्ट शोधण्यात आठवडा घालवल्यावर, शेवटचं टर्मिनल रेषेच्या बाहेर ठेवायला गेलो तेव्हा. मग एका बोर्डचे दोन बोर्ड केले, मध्ये रिबन केबल टाकली, आणि ती केबल पुढं दोन वर्षं मला छळत होती, विहिरीवर दमट हवा, कनेक्टरला गंज, आठवड्याला एक फोन. मोजपट्टी आधी धरली असती तर वाचलो असतो.

आता ईगल नवीन शिकायला घेऊ नका, ऑटोडेस्कनंच ७ जून २०२६ ही त्याची शेवटची तारीख जाहीर केली होती. त्यांचं सगळं आता फ्युजनमध्ये गेलंय. फ्युजनची पर्सनल आवृत्ती फुकट आहे, पण तिथं पण तेच ८० चौरस सेंटिमीटर आणि दोन लेयर, आणि ती धंद्यासाठी नाही, घरगुती हौसेसाठी आहे. बोर्ड आणि डबा दोन्ही एकाच ठिकाणी काढता येतात ही त्याची खरी गंमत आहे, म्हणजे थ्रीडी प्रिंट करून डबा काढणाऱ्या पोरांनी बघायला हरकत नाही. माझ्या कामाचं नाही.

डिपट्रेस नावाचं एक आहे, शिकायला एकदम सोपं, युक्रेनमधल्या लोकांनी काढलेलं. त्याच्या फुकट आवृत्तीला मापाचं बंधन नाही, पिनांचं आहे, ३०० पिना आणि दोन सिग्नल लेयर. आता तुमच्या लक्षात आलं असेल पिना का मोजायला लावल्या. माझा २०७ चा बोर्ड बसतोय. पण उद्या त्याच्यात करंट मोजायचं सर्किट घातलं, ड्राय रन (पाणी संपलं की मोटर बंद) घातलं, गिऱ्हाईक म्हणालं अजून दोन रिले द्या ठिबकच्या व्हॉल्व्हला, की २९० वर जाऊन डोक्यावर तलवार. बोर्ड वाढतोच, हे लिहून ठेवा, कमी होत कधीच नाही.

मग कॉलेजातली पोरं ज्याच्याशिवाय दुसरं नाव घेत नाहीत ते प्रोटियस. इंग्लंडच्या लॅबसेंटरचं. त्याची ताकद वेगळी आहे, कंट्रोलरची हेक्स फाईल (तयार प्रोग्राम) टाकून स्क्रीनवरच प्रोग्राम चालवून बघता येतोय, ८०५१ कंट्रोलर शिकताना आमच्यासारख्या हजारो पोरांचा जीव त्यानं वाचवलाय. पण ते विकतचं आहे. आणि सगळ्यांच्या लॅपटॉपवर जे असतंय ते कुठून आलेलं असतंय हे तुम्हाला पण माहीत आहे, मला पण माहीत आहे.

त्याच्यावर जरा बोलतो, कारण मी स्वतः ते केलंय. सुरुवातीची तीन वर्षं मी लाखांच्या किमतीचं एक सॉफ्टवेअर क्रॅक करून वापरत होतो, नाव घेत नाही. काम भारी व्हायचं. मग एक दिवस पीसीत व्हायरस शिरला, त्या क्रॅकबरोबरच आला होता असं दुरुस्तीवाल्याचं म्हणणं, फॉरमॅट मारायला लागला. परत टाकायला गेलो तर जुना सेटअप चालेना, नवीन क्रॅक मिळेना, आणि माझे अकरा बोर्ड त्या सॉफ्टवेअरच्या फाईलमध्ये अडकलेले, दुसरं कुठलं सॉफ्टवेअर त्यावेळी ते नीट उघडत नव्हतं. त्यातले चार मी हातात तयार बोर्ड घेऊन, मल्टिमीटरनं ट्रॅक (तांब्याच्या रेषा) तपासत, परत पहिल्यापासून काढले. बाकीचे सात गेले ते गेलेच. आणि तेवढ्यात एका कारखान्याचं काम आलं होतं, त्यांच्या पर्चेसवाल्यानं विचारलं की तुमच्याकडं लायसन आहे का त्याचा कागद द्या, आमच्याकडं ऑडिट असतंय. मी काय देणार. काम गेलं. चोरी वाईट वगैरे मी सांगत बसत नाही, ते तुम्हाला कळतंय, मी फक्त हिशोब सांगतोय.

तर सॉफ्टवेअर निवडताना माझा सगळ्यात मोठा प्रश्न हा झाला, की पाच वर्षांनी हीच फाईल मला उघडता येणार का. किंमत नंतर.

आणि ह्या प्रश्नाला आज सगळ्यात चांगलं उत्तर म्हणजे किकॅड. काही जण कायकॅड म्हणतात, काही केआयकॅड, तुम्ही काय पण म्हणा. फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या एका कॉलेजातल्या जाँ-पिएर शारास ह्यांनी १९९२ मध्ये चालू केलेलं, पुढं २०१३ पासून सर्न, म्हणजे ती जमिनीखाली कण धडकवणारी स्वित्झर्लंडमधली प्रयोगशाळा, त्यांनी त्याच्यात माणसं आणि पैसा घातला. मुक्त सॉफ्टवेअर आहे, जीपीएल लायसन, धंद्याला वापरा, कॉलेजला वापरा, मापाचं बंधन नाही, पिनांचं नाही, कॉपर लेयर ३२ पर्यंत. आपल्याला दोनच लागतात. फाईल साध्या टेक्स्टमध्ये सेव्ह होते, नोटपॅडमध्ये उघडली तरी वाचता येते, त्यामुळं उद्या किकॅड बंद जरी पडलं तरी फाईलमधून माहिती काढता येईल. पर्चेसवाल्यानं कागद मागितला तर लायसनचं पान प्रिंट मारून द्यायचं, मी दिलंय, चाललं.

आणि ज्यांच्याकडं जुन्या ईगलच्या फाईली पडल्यात त्यांनी घाबरू नका, किकॅड त्या आत घेतंय. आल्टियम ह्या विकतच्या सॉफ्टवेअरच्या पण घेतंय, आणि आठव्या आवृत्तीपासून ईझीईडीएच्या (ते पुढं येतंय) पण. शंभर टक्के जसंच्या तसं येत नाही, कॉपर पोअर (मोकळ्या जागेतलं तांबं) परत भरायला लागतंय, अक्षरं इकडं तिकडं सरकतात, पण परत पहिल्यापासून काढण्यापेक्षा लाख पटीनं बरं.

आता त्याच्या खोड्या पण सांगतो. एक, सेटअप मोठा आहे, एक जीबीच्या वर, मोबाईलच्या डेटावर खेड्यात बसून उतरवायचा म्हणजे रात्रीच लावून झोपा. दोन, नवीन आवृत्तीत सेव्ह केलेली फाईल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. म्हणजे तुमच्याकडं नववी आणि मित्राकडं सातवी असेल तर त्याचं तुमच्याकडं उघडेल, तुमचं त्याच्याकडं नाही उघडणार. दोघांनी मिळून प्रोजेक्ट करायचा असेल तर पहिल्या दिवशीच एक आवृत्ती ठरवा. तीन, आत ऑटोराउटर, म्हणजे ट्रॅक आपोआप ओढणारं, नाही. बाहेरून फ्रीराउटिंग नावाचं जोडता येतंय, पण माझं मत विचाराल तर छोट्या बोर्डला ऑटोराउटर वापरूच नये, मशीन ट्रॅक असे फिरवतंय की जसं नवीन माणूस गणपती पेठेत दुकान शोधत फिरतंय, पोचतंय, पण अख्खा बाजार फिरून. आणि चार, सुरुवातीला सर्किटमधलं चित्र वेगळं आणि बोर्डवरचा फुटप्रिंट (पार्टच्या पिनांचा ठसा) वेगळा, दोन्ही आपण जोडायचे, हे नवीन माणसाला कळायला दोन दिवस जातात. एकदा कळलं की उलट हेच बरं वाटतंय.

दुसरा खरा पर्याय म्हणजे ईझीईडीए. ब्राउझरमध्येच चालतंय, इन्स्टॉल काही नाही, डेस्कटॉपचं पण आहे. चीनचं आहे, आणि ते जेएलसीपीसीबी हा बोर्ड बनवणारा आणि एलसीएससी हा पार्ट विकणारा ह्यांच्याच घरातलं आहे, म्हणून तर फुकट देतात. त्याचा फायदा असा की पार्ट शोधला की त्याचा फुटप्रिंट, त्याचा थ्रीडी, त्याचा विकायचा नंबर सगळं एका जागी येतंय, लायब्ररी हुडकायची कटकट नाही. नवीन पोरगं दोन संध्याकाळीत पहिला बोर्ड काढून दाखवतंय, हे मी डोळ्यानं बघितलंय, माझ्या भाच्यानं काढला. किकॅडवर त्यालाच आठवडा लागला होता.

पण भाच्याची दुसरी गोष्ट पण ऐका. सबमिशनच्या आदल्या रात्री लाईट गेली, राउटर बंद, मोबाईलला रेंज एक काडी, आणि ह्याचा बोर्ड सगळा ऑनलाईन. "मामा, फाईलच उघडंना!" म्हणून रात्री अकराला फोन. मी काय करणार, मी काय तारेवर चढू? म्हणून ईझीईडीए वापरायचं तर रोज काम संपलं की फाईल आपल्या मशीनवर उतरवून घ्यायची, एक पेन ड्राइव्हवर. प्रो आवृत्तीत ऑफलाईन पण काम करता येतंय, ते सेटिंग सुरुवातीलाच करा.

आणि त्याच्यातनं चीनला ऑर्डर टाकायचं बटण जवळच असतंय, ते दाबायच्या आधी कुरिअर आणि कस्टम धरून हिशोब करा. बोर्डची किंमत बघून हुरळून जाऊ नका, बोर्ड दोनशेचे आणि आणायला हजार असं होतंय. दहा बोर्डच्या आत असेल तर देशातला बोर्डवाला बरा पडतो का ते दोन्हीकडं भाव काढून बघा. गर्बर फाईल (बोर्डवाल्याला द्यायचा बोर्डचा नकाशा) कुठं पण देता येते, ईझीईडीएनं काढली म्हणून तिथंच दिली पाहिजे असं काही नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतंय.

काही सॉफ्टवेअर मात्र खरंच असं बांधून ठेवतात, एक्सप्रेसपीसीबी पूर्वी तसंच होतं, सॉफ्टवेअर फुकट पण बोर्ड त्यांच्याकडूनच. म्हणून कुठलं पण नवीन सॉफ्टवेअर बघताना पहिल्या पाच मिनिटांत एकच शोधा, ह्याच्यातनं गर्बर आणि ड्रिल फाईल माझ्या मशीनवर निघते का. निघत नसेल तर बंद करा, कितीही गोड दिसत असू दे.

फ्रिट्झिंग पण आहे, जर्मनीचं, ब्रेडबोर्डचं चित्र काढायला झकास, आर्डुइनोच्या वर्कशॉपला शिक्षक वापरतात. डाउनलोडला थोडे युरो मागतात. चित्रं काढा त्याच्यात, बोर्ड नको.

आता निवडायचं कसं ते. माझी पद्धत सांगतो, एक शनिवार-रविवार जातो पण नंतर वर्ष वाचतंय. दोन सॉफ्टवेअर निवडा, समजा किकॅड आणि ईझीईडीए. तुमचा मोठा बोर्ड काढायला घेऊ नका. एक अगदी छोटा घ्या, एक रिले, एक ट्रान्झिस्टर, एक डायोड, दोन रेझिस्टर, एक एलईडी, दोन टर्मिनल. हाच बोर्ड दोन्हीत काढायचा, सुरुवातीपासून गर्बरपर्यंत. आणि करताना चार ठिकाणी थांबून बघायचं.

पहिलं ठिकाण, रिलेचा फुटप्रिंट स्वतः बनवा. लायब्ररीतला घेऊ नका, मुद्दाम. व्हर्नियरनं (बारीक माप घ्यायचं सरकतं हत्यार) रिलेच्या पिनांमधलं अंतर मोजा, पिनेची जाडी मोजा, भोक त्याच्यापेक्षा दोन-तीन दशांश मिलिमीटर मोठं द्या. हे का, तर शुगर क्यूब रिले सगळे सारखे दिसतात पण सगळ्यांच्या पिना सारख्या नसतात. मी एकदा लायब्ररीतला फुटप्रिंट डोळे झाकून घेतला, २० बोर्ड बनवून आणले, आणि बाजारातनं आणलेला रिले बसेना, एक पिन दीड-दोन मिलिमीटर बाहेर. विसाच्या वीस बोर्डांवर पिना वाकवून रिले बसवले, तिरके, दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखे. चूक माझीच. तर ज्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचा फुटप्रिंट अर्ध्या तासात बनवता आला ते तुमचं, ज्याच्यात तीन व्हिडिओ बघून पण जमेना ते सोडा. आपल्याकडं जे पार्ट मिळतात, ते गावठी ट्रान्सफॉर्मर, ते हिरवे टर्मिनल, ते कुठल्याच लायब्ररीत नीट नसतात, त्यामुळं हे काम तुम्हाला प्रत्येक बोर्डला करायचंच आहे.

दुसरं ठिकाण, ट्रॅकचे नियम. सॉफ्टवेअरमध्ये नेट क्लास म्हणून असतंय, म्हणजे ह्या वायरी पॉवरच्या, ह्या सिग्नलच्या, ह्या मेनच्या (थेट लाईनच्या), प्रत्येकाला वेगळी जाडी आणि वेगळं अंतर. ते लावून बघा आणि मग मुद्दाम एक ट्रॅक जवळ न्या, डीआरसी (नियमांची तपासणी) मारली की ओरडतंय का बघा. हे नुसतं पुस्तकी वाटेल म्हणून सांगतो काय झालं होतं. तासगावकडच्या एका आप्पांच्या द्राक्षबागेला स्टार्टर दिला. वर्कशॉपमध्ये चार दिवस चालवला, एकदम ओके. बागेत लावला तर मेसेज केला की बोर्ड रिसेट. परत आणला, इथं चालतोय. परत नेला, तिथं रिसेट. तीन चकरा झाल्या, आप्पा बिचारे काही बोलले नाहीत, द्राक्षं खायला देत होते, त्यानं अजून लाज वाटत होती. शेवटी कळलं, सिम८००एल मॉड्यूल मेसेज पाठवताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतंय, गावात टॉवर जवळ म्हणून कमी ताकदीत काम भागायचं, बागेत रेंज कमी म्हणून पूर्ण ताकद लावायचं, आणि माझा सप्लायचा ट्रॅक सॉफ्टवेअरनं आपोआप दिलेला तो केसासारखा बारीक आणि लांब. व्होल्टेज पडायचं की रिसेट. ट्रॅक जाड केला, मॉड्यूलच्या पायाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला, विषय संपला. नेट क्लास आधी लावला असता तर तीन चकरांचं पेट्रोल वाचलं असतं.

जाडीचा अंदाज म्हणाल तर नेहमीच्या ३५ मायक्रॉन कॉपरवर, बाहेरच्या लेयरला, १० डिग्री तापमानवाढ धरली तर १ अँपिअरला साधारण ०.३ मिमी आणि ५ अँपिअरला पावणेतीन मिमीच्या आसपास येतंय. पाचपट करंटला पाचपट जाडी पुरत नाही, नऊपट लागते, हे लक्षात ठेवा. किकॅडमध्ये ह्याचा कॅल्क्युलेटर आतच दिलाय, आकडे टाकायचे की उत्तर. मी तर गणितात जे येतंय त्याच्या दुप्पट देतो, जागा आहे ना बोर्डवर, कॉपरचे वेगळे पैसे कोण मागतंय. आणि ४१५ व्होल्टची बाजू आणि जिथं माणसाचा हात लागू शकतो ती ५ व्होल्टची बाजू ह्यांच्यात मी ८ मिमीच्या खाली जात नाही, जमलं तर मध्ये खाच पण पाडायला सांगतो. विहिरीवरचा डबा, त्यात पाली, मुंग्या, ओल, आणि ओल्या हातानं डबा उघडणारा माणूस, हे सगळं धरून चालायचं. हे अंतर नियमात लिहिता येत नसेल असलं सॉफ्टवेअर मेनच्या बोर्डला वापरू नका.

तिसरं ठिकाण, प्रिंट. बोर्ड कागदावर एकास एक मापात छापून बघा, प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ते फिट टू पेज असतंय ते काढायचं, मग कागदावर खरे पार्ट टोचून बघायचे. पिना भोकात उतरल्या की फुटप्रिंट बरोबर. थर्माकोलचा तुकडा खाली घेतला की पार्ट मस्त उभे राहतात. ह्या दोन रुपयांच्या कागदानं माझे वीस बोर्ड वाचले असते. घरी इस्त्रीनं टोनर उतरवून फेरिक क्लोराईडमध्ये बोर्ड काढणारे असाल तर इथं आरसा छाप कुठली बाजू आणि सरळ कुठली ते पण तपासा, अक्षरं कॉपरच्या लेयरवर लिहून ठेवली की लगेच कळतंय. प्रत्येकानं एकदा तरी उलटा बोर्ड काढलेला असतोच, आयसी पाठीवर झोपवून बसवायला लागतोय मग.

चौथं ठिकाण, गर्बर. गर्बर हे नाव एका अमेरिकन कंपनीवरून पडलंय, आता तो फॉरमॅट बेल्जियमची उकॅम्को सांभाळते, आणि जगातला कुठला पण बोर्डवाला तेच मागतो. दोन लेयरच्या बोर्डला वरचं कॉपर, खालचं कॉपर, दोन्हीकडचा सोल्डर मास्क (वरचा रंगाचा थर), सिल्कस्क्रीन (छापलेली अक्षरं), बोर्डची कडा आणि वेगळी ड्रिल फाईल एवढं निघालं पाहिजे. काढलेली फाईल ज्या सॉफ्टवेअरनं काढली त्याच्यातच बघून समाधान मानू नका, दुसऱ्या कुठल्यातरी गर्बर व्ह्यूअरमध्ये उघडा. एकदा माझी कडेची रेषाच गेली नव्हती, बोर्डवाल्याचा फोन आला की बोर्ड कापायचा कुठं. बरा माणूस होता म्हणून फोन केला.

एवढी चार ठिकाणं झाली की कुणाला विचारायची गरज राहत नाही, हाताला कुठलं बसलं ते कळतंय. तरी पण मी काय सांगतो तर, धंदा करायचाय, बोर्डवर मेन व्होल्टेज आहे, पाच वर्षं तोच बोर्ड विकायचाय, तर किकॅड, पहिला आठवडा शिव्या घाला आणि पुढं चला. एकच प्रोजेक्ट करून पास व्हायचंय तर ईझीईडीए. प्रोग्राम शिकायचाय तर कॉलेजच्या लॅबमध्ये ज्या मशीनवर प्रोटियसचं लायसन आहे तिथं बसून शिका, बोर्ड मात्र किकॅडमध्ये. नुसतं ॲनालॉग सर्किट चालवून बघायचंय तर अॅनालॉग डिव्हाइसेसचं एलटीस्पाईस फुकट आहे, आणि किकॅडच्या आत पण एनजीस्पाईस दिलंय.

पैसे भरून घ्यायचं कधी? मला विचाराल तर चार लेयरच्या वर, हायस्पीड मेमरी, किंवा समोरची कंपनीच म्हणाली की आम्हाला आल्टियमची फाईल पाहिजे, तेव्हा. आणि मग त्याचा खर्च त्या कामाच्या कोटेशनमध्ये धरायचा, खिशातनं घालायचा नाही. सांगली-कुपवाडात जी कामं मिळतात त्यातल्या एखाद्याला ते लागत असेल.

कॉम्प्युटरचं विचारतात बरेच जण. आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप चालतोय, थ्रीडी व्ह्यू जरा अडखळतोय एवढंच. त्यापेक्षा त्याच पैशात बारीक चाक असलेला चांगला माऊस घ्या, लॅपटॉपच्या पॅडवर ट्रॅक ओढणं म्हणजे हातमोजे घालून सुईत दोरा ओवणं. आणि किकॅड घेतलं तर शॉर्टकट पहिल्या दिवसापासून बोटाला लावा, एम म्हणजे हलवा, आर म्हणजे फिरवा, एक्स म्हणजे ट्रॅक, व्ही म्हणजे व्हाया (दोन लेयर जोडणारं भोक), बी म्हणजे कॉपर भरा, आणि सर्किट बदललं की एफ८, त्याशिवाय बदल बोर्डवर येत नाही. ह्या एफ८ साठी मला आजपर्यंत किमान दहा फोन आलेत, "दादा, सर्किटमध्ये घातलेला रेझिस्टर बोर्डवर दिसंना."

फाईल ठेवायची पण एक सवय लावा. बोर्ड बनवायला पाठवला त्या दिवशी अख्खं फोल्डर झिप करा, नावात तारीख आणि आवृत्ती घाला, आत गर्बर, पार्टची यादी, आणि स्वतः बनवलेले फुटप्रिंट पण, आणि तोच नंबर बोर्डच्या सिल्कस्क्रीनवर पण छापा. दोन वर्षांनी आप्पा जळका बोर्ड घेऊन येतात तेव्हा त्याच्यावर "स्टार्टर, आवृत्ती ४" दिसलं की सरळ ते झिप उघडायचं. माझ्या सुरुवातीच्या बोर्डांवर नुसतं "जय मल्हार" छापलंय, आता कुठला कुठला ओळखत बसतो.

भाचा आता किकॅडवर आलाय. परवा त्याचा बोर्ड छापून कागदावर रिले टोचत बसला होता, एक पिन बसत नव्हती, तर म्हणतोय "मामा, प्रिंटर चुकलाय." मी व्हर्नियर पुढं सरकवला.